खळ्याच्या कडेला तिवरं

मढला जाते आहे म्हटल्यावर आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये पहिला प्रश्न आला तो, "शूटिंग बघायला का हो?" दुसराही तोच. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तर हिरो कोण आहे तेही विचारून घेतलं. मढ म्हणजे बंगले आणि बंगल्यांत नाचणारी माणसं, एवढंच आमच्याकडे माहीत. मी चिखलात झाडं लावायला जाते आहे, असं सांगितल्यावर वहिनींचा चेहरा पडला. "मग त्यासाठी इतक्या लांब कशाला? चिखल आपल्याकडे मिठागरात काय कमी आहे?" त्यांचंही खरंच होतं म्हणा.

झालं होतं असं. खाडीवर सरकारचा एक पूल होतो आहे. पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याखाली तिवरं गेली. तिवर म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारं, काठ धरून ठेवणारं झाड. त्याच्या मुळांत मासळीची पिल्लं लहानाची मोठी होतात आणि आपण शहरातली माणसं त्याला झुडूप म्हणून तोडतो. पण या वेळी वरून अट आली की जेवढी तोडली तेवढी दुसरीकडे लावून द्या; आणि नुसती रोपं खोचून पळू नका, भरतीचं पाणी आत येऊन खेळेल असं खाजण तयार करा. जागा ठरली मढच्या खाडीकडच्या बाजूला. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून रोपं नीट लागतात की नाही हे बघायला मला बोलावलं. पितृपक्ष चालू होता. आमचे हे म्हणाले, "या दिवसांत नवीन काम कुणी काढतं का?" मी म्हटलं, "सरकारला पितर नसतात." आणि पिशवी उचलली.

तर ओलांडून

वर्सोव्याला उतरलं की वाट विचारावी लागत नाही, नाक नेतं. सुकटीचा, डांबराचा आणि ओल्या जाळ्यांचा असा एकत्र वास. माझं माहेर मालवणकडचं, वडील गिरणीत होते. त्यामुळे मला तो वास घरचा. माझ्याबरोबर होते जाधव, पुलाच्या कामावरचे तरुण इंजिनिअर. घाटकोपरला वाढलेले, आईवडील मराठवाड्यातून आलेले. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि नाकाला लावू की नको अशा विचारात तो नुसताच हातात धरून ठेवला. तेवढी रीत त्यांना होती.

पलीकडे जायला होडी, म्हणजे तर. तरीत बसताना जाधव म्हणाले, "मॅडम, मला पोहता येत नाही." मी म्हटलं, "अहो जाधव, तुम्ही खाडीवर पूल बांधता ना?" "पूल बांधायला पोहावं लागत नाही," ते म्हणाले, आणि पलीकडचा काठ येईपर्यंत होडीची कड दोन्ही हातांनी धरून बसले. खाडी ती केवढीशी! पण एका बाजूला अंधेरीचं शहर आणि दुसऱ्या बाजूला नारळ, क्रूस, देवळाचा झेंडा, दारात उभे केलेले होड्यांचे नांगर. अलीकडे बसचा भोंगा ऐकू येत असतो आणि पलीकडे कोंबडा आरवतो.

माझी राहायची सोय हिराबायकडे केली होती. पन्नाशीची, काळीसावळी, नऊवारी घट्ट कसलेली, आणि आवाज असा की चार घरं पलीकडच्या माणसाला वेगळी हाक मारायला नको. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी समुद्रात गेला तो परत आला नाही. घरात होडी नाही. ती दुसऱ्यांच्या होड्यांवरचे ताजे बोंबील घेते, सुकवते आणि पावसाळ्याच्या तोंडाला विकते. त्यावर तिने दोन पोरी मोठ्या केल्या, उजवल्या. मला पाहताच म्हणाली, "तू मास्तरीन? मना वाटलं कोन जाडीजुडी येल. खातस का नाय काय?"

ताटात ओल्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी. आमच्याकडे या पंधरवड्यात घरात मासळी शिजत नाही. मी तसं म्हणताच ती एवढी हसली की खोकला आला. "आमचे पितर समुद्रान गेलं. त्यांना काय भोपला घालू?" मी जेवले. कालवण झकास होतं. आमच्यासारखं तिरफळ नाही, नारळही बेताचाच, नुसती चिंच, लसूण आणि लाल मसाला. जाधवांनी बोंबील काट्यासकट तोंडात घातला, आणि तो काटा इतका मऊ असतो की गिळला तरी चालतो हे कळेपर्यंत त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

चिखल

दुसऱ्या दिवशी ओहोटीला जागा बघायला गेलो. एका बाजूला जुना मातीचा बांध, बांधापलीकडे खाडी. बांधाच्या आत खोलगट, मोकळी, गवत माजलेली जमीन. तिला लागून वरच्या अंगाला बंद पडलेलं मिठागर. त्याचे वाफे अजून दिसतात. जाधवांची योजना साधी होती. बांध या मोकळ्या जमिनीपाशी फोडायचा, भरतीचं पाणी आत घ्यायचं, आणि तिवराची रोपं लावायची. रोपं पिशव्यांतून आली होती आणि सावलीत रांगेने उभी होती. चांगली होती. मला बरं वाटलं.

मी चिखल बघायला बांधाबाहेर उतरले आणि गुडघ्यापर्यंत गेले. एक पाय काढला तर चप्पल आत राहिली. ती काढायला वाकले तर दुसराही पाय गेला. दोन मजुरांनी हात धरून मला बाहेर ओढलं. चप्पल काही मिळाली नाही. पुढचे सगळे दिवस मी हिराबायच्या रबरी सपाता घालून फिरले, एक निळी आणि एक हिरवी.

तेवढ्यात हिराबाय स्वतःच आली. माझ्यासाठी चहा घेऊन आली होती. मजुरांनी मोकळ्या जमिनीच्या कडेला चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. ती रेघेपाशी थांबली आणि म्हणाली, "ह्या कनाला रं मारल्यात?"

जाधवांनी उत्साहाने सांगायला घेतलं. पाणी इथून येणार मावशी, इथे तिवरं होणार, मासळी वाढणार. हिराबायने ते सगळं ऐकून घेतलं. मग तिने चहाची किटली खाली ठेवली.

"आनि खला कुठं जायचा?"

"कसला खळा?" जाधव म्हणाले.

"ह्यो! तू उभा हायस त्यो!"

मला तेव्हा उमगलं. खळं म्हणजे मासळी सुकवायची जागा. दसऱ्याच्या सुमाराला तिथे बांबूंच्या उंच चौकटी उभ्या राहतात, वलांड्या म्हणतात त्यांना. त्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगतात. ते पाऊस येईपर्यंत. पाऊस आला की बांबू सोडून घराच्या माळ्यावर जातात, आणि खळ्यावर गवत माजतं, शेळ्या चरतात. जाधवांनी जागा पाहिली ती श्रावणात.

"मी विचारलं होतं हो मॅडम," ते रडकुंडीला येऊन म्हणाले. "नाक्यावर चहा पिणाऱ्यांना विचारलं, या जागेत काय करता? ते म्हणाले, आता काय नाय करत."

"बाप्यांना इचारलास?" हिराबाय म्हणाली. "बाप्ये होडीवरून उतरलं का झोपतान. खला बायांचा हाय. बायांना इचारलास?"

नव्हतं विचारलं. आणि बाप्येही खोटं बोलले नव्हते. श्रावणात तिथे खरंच काही करत नाहीत. मला जाधवांचा राग आला, त्या चहावाल्या मंडळींचा राग आला, आणि सगळ्यात जास्त आला तो आमच्या सगळ्या शहाणपणाचा. एका ठिकाणची तिवरं मोडून रस्ता केला, आणि त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या ठिकाणच्या बायकांची चूल विझवायला निघालो. काय कामाची असली भरपाई!

खळं

संध्याकाळपर्यंत वाडीतल्या सगळ्या बाया खळ्यावर जमल्या. खळ्यावर प्रत्येकीची जागा ठरलेली असते, सासूकडून सुनेकडे आलेली. कोपऱ्याला एकेक दगड पुरलेला. हिराबायची जागा अगदी शेवटची, मिठागराला लागून. तिच्या शेजारची काशीबाईची. या दोघींचं दर वर्षी बांबू पुरताना भांडण होतं, दगड हातभर इकडे का तिकडे यावरून. ते वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. मी आले त्या पहिल्याच संध्याकाळी काशीने मला आपणहून सांगितलं होतं, "तिच्याकडं ऱ्हातस? संभालून. जागा खाते ती."

त्या संध्याकाळी मात्र सगळ्यांचं भांडण जाधवांशी होतं. ते मधोमध उभे, आणि चहूकडून बाया. मुलुंडला पाण्यावरून सोसायटीची मीटिंग होते ती मी पाहिली आहे. ती याच्यापुढे कीर्तन. शेवटी मी ओरडले. "अगं, मला बोलू द्या गं! बांध इथे फोडलाच पाहिजे असं कुठे आहे? वरच्या अंगाला फोडू. पाणी मिठागरात घेऊ. ते पडूनच आहे."

जाधव हळूच म्हणाले, "मिठागराची जमीन उंच आहे, मॅडम. चर खोल खणावा लागेल. नाही चढलं पाणी तर?"

"तर बघू," मी म्हटलं. खरं तर मलाही माहीत नव्हतं.

सकाळीच जाधव तरीने अंधेरीच्या ऑफिसात गेले; या वेळी म्हणे उभ्यानेच गेले, बसायला जागा नव्हती. दुपारी परतले ते घामाघूम होऊन. साहेब मिठागराला तयार झाला होता, पण एका अटीवर. येत्या अमावस्येच्या उधाणाचं पाणी मिठागरात चढलं पाहिजे. नाही चढलं, तर बांध मूळच्या ठिकाणी फुटणार. पुलाचं काम त्यासाठी थांबणार नाही.

म्हणजे सगळं आलं त्या एका भरतीवर. पाणी चढलं तर खळं राहणार, नाही तर बायांना येत्या मोसमात बांबू उभे करायला जागाच नाही.

मजुरांनी चर खणायला घेतला. पण पाणी मिठागरात आलं की ते खळ्यात उतरू नये, म्हणून मध्ये मातीचा बंधारा हवा होता. त्याला माणसं पुरेनात. मी हिराबायला विचारलं, बाया येतील का? का पितृपक्षात नवं काम नको म्हणतील? ती म्हणाली, "नवा काम कुठं हाय? जुना राखायचा हाय." आणि आल्या की सगळ्या. घमेली डोक्यावर, कास मारलेली, तोंडाचा पट्टा चालूच. चिखल थापताना एकमेकींच्या सासवांचा उद्धार चालला होता. मीही घमेली उचलली. तिसऱ्या घमेल्याला कमर धरली, तेव्हा काशीने माझ्या हातातलं घमेलं काढून घेतलं. "तू आपली झाडांकडं बघ. मोडशील."

मधल्या वेळात मी तिला एक प्रश्न विचारला, जो तुम्हालाही पडला असेल. बोंबील तर उंचावर टांगलेले असतात. मग खाली पाणी आलं तर बिघडतं काय? काशी म्हणाली, "खालची जमीन वली असली का ऊन पडल्यावर वाफ वर येते. मासली सुकत नाय, कुसते. आनि जवला कुठं पसरायचा, तुज्या डोक्यावर?" जवळा तर जमिनीवरच पसरून वाळवतात; बरोबरच होतं. आमच्या कोकणातही ओल्या अंगणात कुणी आमसुलं वाळत घालत नाही.

अमावस्येचं उधाण

अमावस्येला मोठी भरती दुपारची असते. बारा वाजायच्या आधीच सगळी वाडी बांधावर. बाप्येसुद्धा आले होते, झोप सोडून. चराच्या तोंडाशी राखलेली शेवटची माती मजुरांनी काढली आणि सगळे गप्प झाले. मुंबईत इतकी माणसं एकत्र येऊन गप्प बसलेली मी फक्त टीव्हीवर क्रिकेट चालू असताना पाहिली आहेत.

पाणी चरात आलं. गढूळ, वर फेस, त्यात काटक्या. निम्म्या चरापर्यंत आलं आणि तिथेच घुटमळलं. जाधवांचे ओठ हलत होते. काय पुटपुटत होते कोण जाणे. मग खाडी फुगली तसं पाणी पुन्हा सरकलं, चराच्या वरच्या टोकाला पोचलं आणि मिठागराच्या पहिल्या वाफ्यात सांडलं. मग दुसऱ्या. मग सगळीकडे पसरलं. कोरड्या जमिनीतून बुडबुडे यायला लागले, आणि कुठून कोण जाणे, दोन बगळेही येऊन उभे राहिले.

"चढलं!" जाधव ओरडले. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर, बांधावर उड्या मारत होता. बायांनी हात वर केले. मी हिराबायला मिठी मारली. तिने ती मारू दिली.

आणि मग बंधाऱ्याचा कोपरा खचला.

फार नाही. खालच्या टोकाला, जिथे माती भुसभुशीत होती तिथे. पाणी आधी झिरपलं, मग ओघळ लागला, मग एक ढेकूळच बसलं. दोन मजूर धावले, बाया धावल्या, हाताने माती टाकली. पण भरतीचं पाणी कुणाच्या हाताने थांबतंय? ते खळ्याच्या शेवटच्या कोपऱ्यात उतरलं आणि तिथेच तळं करून थांबलं. पुढे गेलं नाही. ती हिराबायची जागा होती.

जाधव पांढरेफटक पडले. ओल्या जमिनीवर पाऊल ठेवून त्यांनी पाहिलं. "मावशी, हा कोपरा सगळ्यात खाली आहे. कितीही बांधलं तरी मोठ्या भरतीला इथे ओल येणारच." मग म्हणाले, "तुम्ही म्हणत असाल तर चर बुजवतो. आत्ता बुजवतो."

सगळ्यांना कळत होतं की चर बुजवला तर काय होणार.

हिराबायने पाण्याकडे पाहिलं. तिच्या सासूची जागा, तिच्या दोन पोरींच्या लग्नाची जागा. "नको," ती म्हणाली. "माजा एकलीचा गेला. तुमी चर बुजवाल तं सगल्यांचा जाल. राहू दे." आणि वळून घराकडे चालायला लागली. मला रडू आलं. भर दुपारी, सगळ्यांसमोर, एक निळी एक हिरवी सपाता घालून मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

त्या दिवशी आम्ही दोघी जेवलो नाही. कालवण तसंच राहिलं. मी दोनदा बोलायला गेले, तर ती म्हणाली, "मास्तरीन, गप ऱ्हा."

घटस्थापना

या वाडीत पहिला बांबू घटस्थापनेच्या दिवशी पुरतात. सकाळी मी खाजणात रोपं लावायला निघाले. हिराबाय येणार नव्हती. "माजा काय काम थं?" म्हणाली. पण माझ्या सपाता तिच्या, आणि चिखलात त्या बुडवून येईन असा तिला संशय, म्हणून तणतणत मागून आली.

खळ्याजवळ आलो तर आरडाओरडा. मला वाटलं, पुन्हा पाणी शिरलं. पाणी नव्हतं. रस्त्याकडच्या टोकाला बाया पहारी घेऊन दगड उकरत होत्या. पहिलीने तिचा दगड हातभर रस्त्याच्या बाजूला घेतला. मग दुसरीने. प्रत्येकीची जागा थोडी थोडी आखडत होती, आणि प्रत्येक दगडावर भांडण. "माजा हातभर, तुजा का एक वीत?" "तुजा हात बघ केवढा हाय, माकडीनीचा!" शिव्या तर अशा की जाधवांनी कान झाकले असते, पण त्यांच्या दोन्ही हातांत रोपं होती. हिराबायने काही मागितलं नव्हतं. खळ्यावर जागा मागायची रीत नाही. ती मिळते किंवा मिळत नाही.

असं होत होत दगड काशीपर्यंत आले. तिच्या रस्त्याकडच्या अंगाला जागा मोकळी झालेली, दुसऱ्या अंगाला हिराबायची ओल. आता तिने दगड घेतला तरच हिराबायला कोरडी जागा मिळणार होती. काशी कमरेवर हात ठेवून उभी. सगळ्या थांबल्या. मी मनात म्हटलं, संपलं. या बाईने हातभर जागेसाठी आयुष्यभर भांडण केलं आहे.

"बघताय काय?" काशी खेकसली. "पहार आना."

पहार कुणीतरी दिली. तिने स्वतः दगड उकरला, स्वतः ओढला आणि रस्त्याच्या अंगाला नेऊन आपटला. मग हिराबायकडे न बघताच म्हणाली, "कडेला वास येतो त्या चिखलाचा. मना नको ती कड. तू ये मंग हिकडं."

काल जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं ती हिराबाय मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली. जाधव रोपं घेऊन तसेच उभे.

"रडतस काय?" काशी म्हणाली. "बांबू उचल. ऊन वर आला."

हिराबायने डोळे पुसले. उठली. मिळालेल्या जागेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं टाकत गेली, काशीच्या दगडापाशी थांबली आणि नाक ओढत म्हणाली, "तुजा दगड अजून माज्यान हाय. सरकव."

काशीने तिला एक सणसणीत शिवी दिली आणि दगड आणखी चार बोटं सरकवला.